फाय सहाचं भोक

एप्रिलात जळगावचा पारा चव्वेचाळीसवर गेला की शहाणा माणूस दुपारी ओलं फडकं तोंडावर घेऊन आडवा होतो. आम्ही चौघं मात्र नेमके त्याच वेळी काचेखाली शंभर वॉटचा बल्ब पेटवून त्यावर ओणवे झालेलो असायचो. मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाचं सबमिशन एप्रिलातच येतं, त्याला इलाज नाही.

या प्रकाराला जीटी मारणे म्हणतात. हुशार पोराचं ड्रॉइंगचं शीट खाली, आपलं कोरं शीट वर, मध्ये काच, खालून उजेड. दिसेल त्या रेषेवरून पेन्सिल फिरवायची. काच घरमालकीणकाकूंच्या टीपॉयची होती. "कशाला रे हवी?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा आम्ही "प्रॅक्टिकल आहे काकू" म्हणालो. तेही काही खोटं नव्हतं. काचेच्या दोन बाजूंना दोन उपड्या बादल्या, त्यामुळे सबमिशन संपेपर्यंत आंघोळीचा प्रश्न आपोआप निकालात निघे. लाईट गेली की जो जिथे असेल तिथे थांबे. शीटवर घामाचे थेंब पडू नयेत म्हणून कपाळाला रुमाल बांधलेले चार जण अंधारात टू-एच पेन्सिली घेऊन बसलेत, हे दृश्य काकूंनी एकदा पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी भाडं आगाऊ मागितलं.

स्वतः का काढत नव्हतो? काढून पाहिलं होतं. आपल्याकडे फर्स्ट अँगल प्रोजेक्शन चालतं. म्हणजे वरून जे दिसतं ते खाली काढायचं आणि उजवीकडून जे दिसतं ते डावीकडे. ही विद्या गास्पार माँज नावाच्या फ्रेंच गृहस्थानं अठराव्या शतकात काढली आणि तिथल्या सैन्यानं ती कित्येक वर्षं गुपित म्हणून दडवून ठेवली. मग १७९९ मध्ये त्याचं पुस्तक निघालं. आणखी थोडा दम धरला असता तर काय बिघडलं असतं?

सेक्शन हा तर निराळाच न्याय. वस्तू मधोमध कापली असं समजायचं आणि कापलेल्या भागावर पंचेचाळीस अंशात तिरप्या रेघा मारायच्या. पण पिन, बोल्ट, शाफ्ट वाटेत आले तरी त्यांना कापायचं नाही. घरातल्या सगळ्यांना कामाला जुंपावं आणि जावयाला पाटावर बसवावं, तसं.

शनिवारी गावी, अमळनेरकडे जाताना शीटचा लांब नळीसारखा कंटेनर पाठीला लावून मी सुरत लाइनच्या पॅसेंजरला लटकायचो. हातात ड्राफ्टर, म्हणजे रेषा मारायचं पट्ट्यांचं साधन. त्याच्या पट्ट्या गर्दीत कुणाच्या तरी बरगडीत शिरत आणि मग धरणगावपर्यंत माझा उद्धार चाले. एकदा एका आजोबांनी कंटेनर नीट निरखला आणि हळूच विचारलं, "भाऊ, हाई बंदूक शे का?" मी म्हणालो, "नाही बाबा, नकाशे आहेत." त्यांनी शेजारच्याला सांगितलं, "तलाठी शे." तेवढ्यावर मला बसायला जागा मिळाली, म्हणून मी खुलासा केला नाही.

त्या वर्षी शीट होतं नकल जॉइंटचं, म्हणजे दोन दांडे जोडणाऱ्या सांध्याचं. एक फोर्क, त्यात एक डोळा, आरपार एक पिन. दांड्याचा व्यास डी धरला तर डोळ्याचा बाहेरचा व्यास दोन डी, पिनच्या डोक्याचा दीड डी. टॉपरनं ते असं सुरेख काढलं होतं की जीटी मारताना पाप लागेल असं वाटावं. त्याला आम्ही उपकाराची फेड म्हणून जेवायला बोलावलं आणि तिथेच घात झाला. मेसच्या डब्यात शेवभाजी होती. शेवभाजीला तर्री असते. तर्रीचा एक थेंब, अगदी गोल, फोर्कच्या पोटावर पडला.

पुसला, तरी तेल ते तेलच. तेल लागलेला कागद उजेडात पारदर्शक दिसतो, एवढं विज्ञान आम्हाला ठाऊक होतं, पण बल्ब पेटल्यावर आठवलं नाही. पहिल्यानं जीटी मारताना तिथे चकाकतं वर्तुळ दिसलं म्हणून कंपासनं वर्तुळ काढलं. दुसऱ्यानं त्यावरून मारताना वर्तुळ आहे म्हणजे सेंटर लाइन हवी, म्हणून ती दिली. माझ्यापर्यंत आलं तेव्हा ते भोक झालं होतं. मी मोजून फाय सहा, म्हणजे सहा मिलिमीटर व्यास, असं माप टाकलं. आमच्यातल्या चौथ्यानं तर टॉप व्ह्यूमध्ये त्याच्या न दिसणाऱ्या कडांच्या दोन तुटक रेषासुद्धा बरोबर जागी दाखवल्या. माझ्या मते त्या अख्ख्या वर्षात खरं इंजिनिअरिंग तेवढंच झालं. तिथून शीट बॅचभर फिरलं.

ओरलला बाहेरगावचे एक्स्टर्नल परीक्षक होते. कूलरमध्ये पाणी नव्हतं. त्यांनी माझ्या शीटवर बोट ठेवलं.

"हे भोक कशाचं?"

"ऑइल होल, सर."

"नकल जॉइंट फिरतो तरी किती? तेल कशाला?"

मी गप्प. तेल आलं कुठून, हे माझ्याइतकं नेमकं कुणालाच माहीत नव्हतं.

"बरं, हा जॉइंट पाहिलास कुठे?"

मी पुस्तकातलं रूफ ट्रस सांगितलं. घरी ट्रॅक्टरला ट्रॉली अडकवताना वडील जी पिन टाकतात ती याच कुळातली, आणि त्या पिनेवरून मी लहानपणी दोनदा मार खाल्लाय, हे आठवलं बाहेर आल्यावर. माझ्यामागच्यांपैकी एकानं ते भोक रिव्हेटचं म्हटलं, एकानं वजन कमी करायला ठेवलंय म्हटलं.

शेवटी टॉपर गेला. दारातून आम्हाला एक्स्टर्नलचा आवाज ऐकू येत होता. "वीस जणांची बॅच. एकोणीस जणांच्या शीटवर भोक आहे. तुझ्याच नाही. असं कसं?"

तो दहा मिनिटांनी घामानं निथळत बाहेर आला. माझ्याकडे न बघता "कंपास दे" म्हणाला. व्हरांड्यातल्या बाकावर शीट पसरून त्यानं पिवळट डागाच्या बरोब्बर मधोमध टोक रोवलं, वर्तुळ काढलं, सेंटर लाइन दिली. मग पेन्सिल हवेत धरून थांबला.

"टॉप व्ह्यूमध्ये हे कुठे येईल रे?"