साहेबाचा पंखा

मे महिन्यात दुपारी बारा ते पाच घराबाहेर पडायचं नसतं, हे खानदेशात शेंबड्या पोरालाही कळतं. पुण्याच्या मेहुण्याला कळत नाही. "मुलांना सुट्टी आहे, काहीतरी हेरिटेज दाखवू," असं तो फोनवर म्हणाला, तेव्हाच भरीत-पुरीवर त्याची बोळवण करायला हवी होती. पण पडला बायकोचा भाऊ. त्यात जिजी, म्हणजे माझी ऐंशी वर्षांची आत्या, "मी बी येस" म्हणत नवं लुगडं नेसून ओट्यावर येऊन बसली.

सकाळी जळगावात चौधरीवाड्यात बहिणाबाईंचं घर पाहिलं. तिथे जिजी खूश. बहिणाबाई १९५१ साली गेल्या, तेव्हा जिजी असेल पाच-सहा वर्षांची. पण बोलते अशी, जणू परवापर्यंत दोघी एकाच जात्यावर दळत होत्या.

खरी परीक्षा दुपारी. तालुक्याच्या गावी इंग्रज साहेबाचा जुना बंगला आहे, तो एका वारसा मंडळाने संग्रहालय करून ठेवलाय. मंडळाचं नाव सांगत नाही, पुढच्या महिन्यात अध्यक्षांच्या घरच्या लग्नाला जायचंय. तिकीट वीस रुपये, फोटो काढायचे पन्नास, आणि चपला बाहेर. चपलांपासून दारापर्यंतच्या फरशीवर मेहुण्याने जे पदन्यास केले, त्याचेच खरं तर पन्नास घ्यायला हवे होते.

गाईड कॉलेजातला पोरगा. पाठांतर चोख. १८१८ साली खानदेश इंग्रजांच्या हाती आला, कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याला मुख्य ठाणं केलं, १८२५ मध्ये आउट्रॅम आला आणि त्याने भिल्लांची पलटण उभी केली. मध्येच कोणी प्रश्न विचारला की बिचारा पुन्हा १८१८ पासून सुरू करी. १९०६ साली सरकारने खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले, इथपर्यंत तो तिसऱ्या प्रयत्नात पोचला. आमच्या वाड्याची वाटणी त्याच सुमाराची. मधली भिंत अजून उभी आहे आणि पश्चिम भागाशी आमचं बोलणं नाही.

आत वस्तूंपेक्षा 'हात लावू नये'च्या पाट्याच जास्त. साहेबाचं सामान पुरलं नसावं, म्हणून गावातून मिळेल ते गोळा केलेलं. चिनी मातीच्या बशीशेजारी कणगी, कणगीशेजारी कंदील. पितळी तांब्याखाली लिहिलं होतं 'प्राचीन जलपात्र'. तसल्याच जलपात्रातून जिजी सकाळी चूळ भरून आली होती. तिने दोरीखालून हात घालून कणगी ठोकून पाहिली आणि आतून नीट लिंपलेली नाही, सोंडे पडतील, असा निकाल दिला. गाईडने तो वहीत टिपून घेतला.

जेवणाच्या दालनात छताला पंखा टांगलेला. आडवा लाकडी दांडा, त्याला कापडाची लांब झालर, आणि दोरी भिंतीतल्या भोकातून बाहेर व्हरांड्यात. तिथे पंखेवाला बसायचा. रात्ररात्र ओढून हात भरून आले की आडवा होऊन दोरी पायाच्या अंगठ्याला बांधायचा आणि झोपेतही पाय हलवायचा. गाईड हे सांगत असतानाच वीज गेली. कोपऱ्यातला विजेचा पंखा गरगरत थांबला. पडदे विटू नयेत म्हणून खिडक्या कायमच्या बंद. दोन मिनिटांत आम्ही सगळे भरताच्या वांग्यासारखे भाजून निघालो.

"हाई काय शे?" जिजीने वर बोट दाखवलं.

"पंखा आहे आजी."

"दोरी शे?"

"आहे ना."

"मंग वढतस का नही?"

"आजी, ती वस्तू आहे."

वस्तू म्हणजे काय, हे त्या पोराने बराच वेळ समजावलं. जिजीने शांतपणे ऐकून घेतलं, दोरीखालून वाकून आत गेली आणि साहेबाच्या लांब हातांच्या आरामखुर्चीत जाऊन बसली. पोराने सचिवांना फोन लावला. सचिव दुपारचे झोपले होते. या हवेत तेच एकटे शहाणे. शेवटी तो घाम पुसत माझ्या कानाशी आला. "काका, हळूच ओढा. मी तिकडे बघत नाही."

पहिल्या हिसक्याला वारा आला नाही, चिमणीचं घरटं आलं. ते मेहुण्याच्या पांढऱ्या शर्टावर. मग अख्ख्या इंग्रजी अमदानीची धूळ. आणि मग खरोखर वारा सुटला. आतून "हां!" असा सामुदायिक उद्गार ऐकू आला, पाठोपाठ शेव-मुरमुऱ्याची पिशवी फुटल्याचा आवाज.

मी बाहेर व्हरांड्यात. पाव तासात खांदे भरून आले, तेव्हा आडवा झालो आणि दोरी अंगठ्याला बांधली. डोळा लागतच होता, तोच भिंतीतल्या भोकातून आवाज आला, "वढ रे भो, जोरमा वढ! वारा ई नही राहिना!"

तेवढ्यात एक नवं कुटुंब आलं. त्यांनी पन्नासाची पावती फाडून माझा फोटो काढला. त्यांच्या लहान पोराने जवळ येऊन माझ्या पायाला बोट लावून पाहिलं, तशी त्याची आई खेकसली, "हात नको लावू, पाटी वाचली नाही का?"