टपोऱ्या डोळ्यांचं घुबड

आमच्या पक्षीनिरीक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परवा पुन्हा जुनंच भांडण पेटलं. एकाने माळरानावरच्या आखूडकानी घुबडाचा फोटो टाकला, सोबत लोकेशनही. रविवारी तिथे जीपांची रांग. ‘जागा सांगायचीच कशाला?’ विरुद्ध ‘पक्षी काय तुमच्या मालकीचा आहे?’ अशी जुंपली, आणि मग कुणीतरी म्हणालंच, ‘परदेशात असलं खपवून घेत नाहीत.’ मी ११ वर्षं इंग्लंडमध्ये, त्यामुळे साक्षीला मला ओढलं.

खपवून घेतात हो.

इथल्या १९८१च्या वन्यजीव कायद्यात गव्हाणी घुबडाला विशेष संरक्षण आहे. घरट्यापाशी त्याला मुद्दाम किंवा बेपर्वाईने त्रास देणं हा गुन्हा. फोटो काढताना तसा त्रास होणार असेल तर आधी परवाना घ्यावा लागतो. आखूडकानी घुबड मात्र त्या खास यादीत नाही. हिवाळ्यात ते दिवसाउजेडी शिकार करतं, आणि केंब्रिजशायरमधल्या एका बांधावर मी एकदा ओळीने २३ ट्रायपॉड मोजले. त्यातला एक जण बांध उतरून सरळ गवतात घुसला. घुबड उठलं, कावळे मागे लागले, पायातला उंदीर खाली पडला. बांधावर नुसता शटरचा कडकडाट. कुणी त्याला हटकलं नाही. मीही नाही.

एक उंदीर गेला तर काय बिघडलं, असं वाटेल. गव्हाणी घुबडाचं बघा. उडताना आवाज होऊ नये म्हणून त्याची पिसं मऊ असतात, पण ती पावसात लगेच भिजतात. दोन-तीन रात्री पावसाने शिकार बुडाली की ते उपाशीपोटी भर दुपारी बाहेर पडतं. आणि नेमकं तेव्हाच ‘वा, काय लाइट आहे!’ म्हणत आपण हजर.

तिकडे भारतात गोष्ट आणखी अवघड आहे. रानपिंगळा नावाचं छोटं घुबड १८८४नंतर १९९७मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडलं, तोवर ते संपलंच असं बहुतेकांनी धरलं होतं. पुढे त्याच्या शोधासाठी अभ्यासकांनीही त्याच्याच आवाजाचं रेकॉर्डिंग वाजवलं, हे खरं. पण ते थोडा वेळ वाजवून पुढे जातात. दर रविवारी त्याच झाडाखाली फोटोसाठी स्पीकर लागला, तर पक्ष्याच्या लेखी दर रविवारी हद्दीत दुसरा नर घुसतो. तो शिकार सोडून भांडायला येतो आणि आपण म्हणतो, छान पोझ दिली.

शिवाय १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा असूनही आपल्याकडे घुबडांची चोरटी विक्री थांबलेली नाही. इथे इंग्लंडमध्ये जागा फुटली तर गर्दी होते, तिकडे फासेवालाही येऊ शकतो. म्हणून घरट्याची आणि ढोलीची जागा लपवावी, या बाजूने मी आहे. ईबर्ड ही पक्षीनोंदींची वेबसाइटसुद्धा संवेदनशील जातींच्या नेमक्या नोंदी उघड करत नाही. फक्त हे गुपित आपलंच आहे असा आव नको. गुराख्याला ती ढोली आपल्या आधी ठाऊक असते. आणि स्पीकर लावणाऱ्या गाइडला ग्रुपवर शिव्या घालणाऱ्यांपैकी किती जणांनी ‘आज फोटो नाही मिळाला तरी पैसे पूर्ण देईन’ असं त्याला आधी सांगितलं होतं?

बाकी, अंतर किती फूट ठेवायचं यावर ग्रुपवर शंभर मेसेज झाले. मला विचाराल तर फुटांपेक्षा पक्ष्याकडे बघावं. निवांत घुबड फुगलेलं असतं, डोळे अर्धे मिटलेले, कधी एका पायावर. पिसं अंगाशी आवळून ते उभं ताणलं गेलं, डोळे वटारून तुमच्याकडेच बघू लागलं, की तुम्ही आधीच फार जवळ आलेले असता.

हे मला उशिरा कळलं. पहिल्या सुट्टीत तिकडे काढलेला शृंगी घुबडाचा फोटो इथे दिवाणखान्यात आहे. शिंगं ताठ, अंग काठीसारखं, नजर थेट लेन्समध्ये. येणारा प्रत्येक पाहुणा त्या डोळ्यांचं कौतुक करतो.