३ महिन्यांत ४ माणसं: आमच्या केअरटेकर ब्युरोला मिळालेल्या १ स्टार रिव्ह्यूला उत्तर

ताई, नमस्कार. रिव्ह्यू परवा रात्रीच वाचला, लगेच उत्तर टाइप केलं आणि पुसलं, कारण ते भांडल्यासारखं झालं होतं. आज जरा शांतपणे लिहितेय, लांबेल थोडं.

जे नंतर वाचतील त्यांच्यासाठी तुमची तक्रार आधी सांगते. तुमचा भाऊ ३४ वर्षांचा, ऑटिझम आहे, आईंना आता एकटीला झेपत नाही, तुमची नोकरी. आमच्याकडून त्याला सांभाळायला १२ तासांचा माणूस घेतलात आणि ३ महिन्यांत ४ माणसं बदलली, त्यातल्या एकाने भावाला खोलीत घालून बाहेरून कडी लावली आणि स्वतः मोबाईल बघत बसला, शेवटचा तर न सांगताच गेला. "ट्रेन्ड म्हणतात आणि ऑटिझम कशाशी खातात हे माहीत नाही, ५,००० रजिस्ट्रेशन घेऊन नुसती माणसं फिरवतात." हे तुमचे शब्द.

कडीचं आधी. ते झालंय, खरंय, त्यात पण-बिण काही नाही. आईंचा फोन आला तेव्हा मी वारज्यात दुसऱ्या एका घरी होते, तिथूनच त्या माणसाला तुमच्या घरातून बाहेर काढलं आणि आमच्या यादीतूनही काढलं. त्याचं म्हणणं, भाऊ सारखा जिन्याकडे धावतो म्हणून लावली. धावत असेल, पण त्यासाठीच तर माणूस ठेवलाय ना. कोणाला कोंडायचं नाही हे मी प्रत्येकाला कामावर पाठवायच्या आधी सांगते, त्यालाही सांगितलं होतं, आता नुसतं सांगून भागत नाही हे मला कळलं. आणि एक चूक तुम्ही लिहिलीच नाहीत ती मीच लिहिते: त्याच्या ६ दिवसांचे ४,४०० मी बिलात धरले होते. धरायला नको होते. ते आणि रजिस्ट्रेशनचे ५,००० असे ९,४०० शुक्रवारपर्यंत तुमच्या खात्यावर येतील.

आता पहिला मामा (आमच्याकडे सांभाळणाऱ्या पुरुषाला मामा म्हणतात, बाईला मावशी) २ दिवसांत का पळाला ते. त्याच्याकडे जनरल ड्युटी असिस्टंटचं सर्टिफिकेट होतं आणि ते खरं आहे, खोटं नाही. पण त्या कोर्समध्ये शिकवतात काय तर अंथरुणावरच्या माणसाची चादर बदलणं, स्पंज, डायपर, कुशीवर वळवणं, बीपी आणि ताप लिहून ठेवणं. तो त्यात एकदम तयार. तुमचा भाऊ धडधाकट, सकाळी ६ ला चपला घालून दारात उभा, रोजच्या रस्त्याने रोजची फेरी झालीच पाहिजे. मामाचा मला दुपारी फोन, "मॅडम, पेशंट झोपतच नाही." अरे बाबा पेशंट नाहीये तो! त्या आठवड्यात माझ्याकडे मोकळा तेवढाच एक माणूस होता, तुम्हाला सोमवारपासून ऑफिस होतं, तुम्ही म्हणालात कोणीतरी पाठवा आणि मी कोणीतरी पाठवला. माझ्या धंद्यातली सगळ्यात मोठी चूक हीच आणि मी ती १४ वर्षं दिव्यांग प्रौढांच्या कार्यशाळेत शिकवून आल्यावर केली, म्हणजे बघा.

मान्यतेचंही विचारलंय तुम्ही. शॉप अ‍ॅक्ट आहे, पोलिस व्हेरिफिकेशन प्रत्येकाचं होतं, कागद तुम्हाला दाखवलेले आहेत. भारतीय पुनर्वास परिषदेत स्पेशल एज्युकेटर म्हणून नोंदणी माझी आहे, माझ्या मामा-मावशींची नाही आणि ती आहे असं मी कधी म्हटलेलं नाही. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची "सहयोगी" नावाची योजना निघाली ती खास याच कामाची माणसं तयार करायला, पण तसं शिकून माझ्या दारात आलेली माणसं बोटावर मोजण्याइतकी. बाकी सगळे हॉस्पिटलमधले वॉर्डबॉय, नाहीतर म्हाताऱ्या माणसांकडे राहिलेले. त्यात पुरुष हवा म्हटलं की अजून अवघड, मोठ्या मुलाला आंघोळ घालायला मावशी नको हे बरोबरच आहे, पण जो पुरुष १२ तास एका घरात राहू शकतो तो डिलिव्हरीला गेला तर जास्त कमावतो आणि त्याच्या मागे दिवसभर कोणी उभं नसतं. तुमच्याकडचा तिसरा असाच गेला. ३ आठवडे चांगलं काम केलं त्याने, तुम्हीही तेव्हा म्हणाला होतात, मग मित्राने बाईक दिली आणि गेला. त्याला मी नावं ठेवू शकत नाही.

मग चांगला माणूस मिळतो कुठे? माझ्याकडचा सगळ्यात भरवशाचा मुलगा आधी परभणीत सलूनमध्ये होता, सर्टिफिकेट शून्य. त्याला ज्या घरी पाठवलं तिथे ज्यांना सांभाळायचं त्या दादांची दाढी महिनाभर झाली नव्हती, वडील धरायचे आणि काका करायचे, मग रक्त, मग आरडाओरडा, शेवटी सगळ्यांनीच सोडून दिलं. ह्याने पहिल्या दिवशी कोरडा ब्रश नुसता दादांच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या गालाला फेस लावला आणि दादांकडून पुसून घेतला. तिसऱ्या दिवशी दादांचा एक गाल, फक्त फेस. चौथ्या दिवशी एक गाल केला आणि थांबला, दादा अर्धी दाढी घेऊन आख्खा दिवस घरात फिरले, आई हसून हसून बेजार. पाचव्या दिवशी दुसरा गाल दादांनीच पुढे केला. आता हे कुठल्या कोर्समध्ये शिकवतात मला सांगा. मी माणूस घेताना हल्ली हेच विचारते, आधी काय काम केलंस आणि कोणासाठी थांबावं लागायचं का. ऑटिझमची व्याख्या मी २ तासांत शिकवू शकते, थांबणं नाही शिकवता येत.

जिथे मला तुमचं पटलं नाही तेही बोलते. तुम्ही लिहिलंय, भावाचा काहीच त्रास नाही, माणसंच कामचुकार. तुमच्या फॉर्ममध्ये काय होतं आणि काय नव्हतं ते मी इथे चारचौघांत लिहिणार नाही, फोनवर बोलू, तो तुमच्या भावाचा खाजगी विषय आहे. पण सगळ्याच घरांचं सांगते. आमच्या फॉर्ममध्ये एक रकाना आहे, "कशाने बिथरतात आणि मग काय करतात." १० पैकी ८ घरं तो कोरा ठेवतात नाहीतर "काही नाही" लिहितात. का ठेवतात तेही कळतं, आधी खरं लिहिलं होतं तेव्हा कोणी आलंच नाही ना. म्हणून लपवतात, आणि माणूस तिसऱ्या दिवशी चावा नाहीतर थोबाडीत खातो, घाबरतो, निघून जातो, आणि घरच्यांना वाटतं बघा, कोणी टिकतच नाही. खरं लिहिलंत तर माणूस मिळायला २ आठवडे जास्त लागतील, पण जो येईल तो ऐकून येईल. मिक्सरचा आवाज चालत नाही, चहा त्याच एका निळ्या मगातच लागतो, पाहुणे आले की हात चावतो, इतकं लिहा हो. मगाचं मी गंमत म्हणून नाही सांगत, एका घरी पहिल्याच दिवशी चहा काचेच्या ग्लासात दिला म्हणून पूर्ण दिवस गेला होता आणि तो मग ओट्यावरच होता.

ओळखीच्या दिवसांचंही तसंच. ३ दिवस घरातलं कोणीतरी आणि नवा माणूस दोघं एकत्र, माणसाने नुसतं बघायचं, हात लावायचा नाही. त्या ३ दिवसांचे पैसे देताना घरच्यांच्या जीवावर येतं ("काम तर काहीच केलं नाही"), आणि तुमच्या वेळी तुम्हाला रजा नव्हती म्हणून मीच म्हटलं जाऊ दे. आता जाऊ दे म्हणणार नाही. यापुढे ३ पैकी २ दिवसांचे पैसे ब्युरो भरेल, पण ते दिवस होणार, नाहीतर मी माणूस पाठवणार नाही.

आणि चौथा. ह्याचं लिहायला मला सगळ्यात जड जातंय. न सांगता गेला असं तुम्ही म्हणता, तुम्हाला न सांगता गेला हे खरं, मला त्याने ८ दिवस आधी सांगितलं होतं. पाऊस झाला की पेरणीला घरी जायचंय, ४ दिवस द्या. मी म्हटलं बघू, बदली माणूस मिळाला की सांगते. बदली मिळाला नाही, मी त्याला काही सांगितलं नाही, तुम्हालाही नाही, कारण मला वाटलं कशाला उगाच घाबरवायचं. गावाकडे पाऊस पडला, रविवारी रात्री तो निघाला आणि फोन बंद केला. त्याने फोन उचलला की मी पुन्हा थांबवणार हे त्याला माहीत होतं. तुमचा भाऊ सोमवारी चपला घालून दारात उभा राहिला आणि तो आलाच नाही, हे तुम्ही लिहिलंय ते वाक्य मी ३-४ वेळा वाचलं. दोष त्याचा नाही, माझा. गौरी-गणपती, दिवाळी, पेरणी, हे सगळं दरवर्षी येणारच आहे आणि मी दरवर्षी ते अचानक आल्यासारखं वागते. आता प्रत्येक घराला दुसरा माणूस आधीपासून ओळखीचा करून ठेवायचं ठरवलंय, महिन्यातून २ दिवस तो येईल, म्हणजे पहिला सुट्टीवर गेला तरी चेहरा नवा नसेल. किती घरांना जमेल बघते, सगळ्यांना लगेच नाही जमणार.

२४ तासांचा माणूस द्या असं तुम्ही शेवटी लिहिलंय. देते, पण तो रात्री झोपणार. जो दिवसभर जागा आहे त्याला रात्रीही जागा ठेवायचा असेल तर २ माणसं लागतात आणि पैसेही दोघांचे. हेच कमी दरात करून देतो म्हणणारे आहेत, त्यांच्याकडे जायच्या आधी रात्री २ वाजता तो माणूस कसा असेल याचा विचार करा.

खर्चाचं एक सांगून ठेवते, माहीत असेल तर सोडून द्या. भाऊ तुमच्यावर अवलंबून असेल तर जुन्या टॅक्स रिजीममध्ये अपंग नातेवाईकाच्या सांभाळासाठी (१९६१ च्या इन्कम टॅक्स कायद्यात ते कलम ८०डीडी) ७५,००० ची वजावट मिळते, अपंगत्व ८० टक्के किंवा वर असेल तर १,२५,०००. ती फक्त आईवडिलांनाच मिळते असं बऱ्याच जणांना वाटतं, बहीण-भावालाही मिळते. अपंगत्वाचं सर्टिफिकेट चालू आहे का बघा आणि सीएला विचारा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जास्त आधार लागणाऱ्यांसाठी केअरगिव्हर भत्त्याचा उल्लेख आहे, पण त्याच्या भरवशावर या महिन्याचा पगार होत नाही.

चौथा परत आलाय, काल. पेरणी झाली. त्यानेच विचारलं, दादा फेरीला कोणाबरोबर जातात आता. मी तुमच्याकडे त्याला परस्पर पाठवणार नाही, तुमचा राग मला मान्य आहे. पण तो यायला तयार आहे आणि दिवाळीची सुट्टी आत्ताच मागून ठेवलीय त्याने, ती मी लिहून घेतलीय. रिव्ह्यू बदला असं म्हणत नाही, राहू दे. सोमवारी ४ नंतर, आईंची झोप झाली की, फोन करते. तेव्हा भावाला शेजारी बसू द्या, त्याला हा माणूस परत हवाय की नको ते एकदा त्यालाच विचारू.