डावा कोपरा कुणाचा होता?

माझा पुतण्या एका जिल्ह्याच्या क्यूआरटीत, म्हणजे पोलिसांच्या शीघ्र कृती पथकात आहे. दिवाळीला साताऱ्याला घरी आला, तर पोरं मागंच लागली, "दादा, खोलीत अतिरेकी असला तर आत कसं शिरता?" पठ्ठ्यानं बैठकीच्या दारातच प्रात्यक्षिक सुरू केलं. हातात बंदूक म्हणून लाटणं. मागं माझी दोन पोरं, शेवटी मी.

दारात थांबायचं नाही, मरायची जागा तीच. पहिला एका कोपऱ्याकडं, दुसरा त्याच्या उलट. बोट ट्रिगरबाहेर, नळी आपल्या माणसाकडं कधीच नाही. मी आत गेलो आणि पुढचा जिकडं बघत होता तिकडंच बघितलं.

"काका, गेलात तुम्ही. डावा कोपरा कुणाचा होता?"

मी गप्प. शाळेत कबड्डी खेळलोय, त्यामुळं कळलं मात्र लगेच. साखळीतल्या एकानं हात सोडला की चढाईवाला निसटलाच. आणि साखळी रोज त्याच पोरांसोबत खेळून जमते. तर मी विचारलं, "रोज करता हे सगळं?" हसला. सहातले दोघं गणपतीपासून बंदोबस्तात, एक गार्डला. टीम अशी एकत्र कधी असते? फायरिंगच्या दिवशी. तेही जमलं तर.

माझं म्हणणं एवढंच आहे. २६/११ नंतर आपण हत्यारं घेतली, जाकिटं घेतली, २००९ मध्ये राज्य पोलिसांची फोर्स वन ही कमांडो तुकडी उभी केली, हे चांगलंच झालं. पण टीम ही वस्तू खरेदी करता येत नाही. तीच माणसं, तोच दरवाजा, शंभर वेळा. त्यांना मोर्चाला आणि विसर्जनाला वाटून टाकलं की उरतात ते काळ्या कपड्यातले सहा सुटे गडी.

अमेरिकेचं उदाहरण घ्या. १९९९ ला कोलंबाइनच्या शाळेत गोळीबार झाला, तेव्हा आधी पोचलेले पोलीस बाहेर वेढा घालून स्वॉटची, म्हणजे तिकडच्या खास सशस्त्र पथकाची वाट बघत राहिले. त्यानंतर तिकडं शिकवायला लागले की जो पहिला पोचेल त्यानंच आत जायचं. तरी २०२२ मध्ये टेक्सासातल्या युवाल्डीत ३७६ पोलीस जमले आणि हल्लेखोराला गाठायला ७७ मिनिटं लागली. १९ लेकरं आणि दोन शिक्षिका गेल्या. हत्यारं होती, ढाली होत्या. हुकूम कुणी द्यायचा, हेच ठरत नव्हतं.

आणि पहिला पोचणारा कोण असतो? आपल्याच जावळीतल्या केडंब्याचे तुकाराम ओंबळे. गिरगाव चौपाटीची नाकाबंदी, हातात काठी, समोर एके-४७. त्यांनी नळी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या, आणि तेवढ्यात सहकाऱ्यांनी कसाबला जिवंत पकडला. आपण हे एकट्याचं शौर्य म्हणून सांगतो (अशोकचक्र मिळालंच, मिळायलाच हवं होतं). पण त्या काही सेकंदांत बाकीचे जागेवर थिजले असते तर?

लोक म्हणतील, साताऱ्या-सांगलीत कुठं आलाय अतिरेकी? नसेल आला. पण दारू पिऊन कोयता घेऊन बायकापोरांना कोंडून बसलेला माणूस कुठल्याही गावात निघतो. तिथं क्यूआरटी यायच्या आधी ठाण्यातले दोन शिपाई जातात. दार कसं गाठायचं, कुणी बोलायचं, कुणी नुसतं बघायचं, रक्त वाहत असेल तर पट्टा कसा आवळायचा, हे त्या दोघांना वर्षाकाठी चार दिवस शिकवायला काय हरकत आहे? सांगली जिल्ह्यात तुरचीला पोलीस प्रशिक्षण केंद्र आहेच. आणि अशी बरीच दारं बोलूनच उघडतात, हेही त्याच चार दिवसांत शिकवा. मला गल्लोगल्ली कमांडो नकोयत.

पुतण्याचा परवा फोन आला. परत बंदोबस्त. टीममधला तो एकटाच तिकडं. इकडं धाकटा अजून लाटणं परत देत नाहीये, आणि बायको चपात्या बाटलीनं लाटतेय.