बारा तासांचे कष्ट आणि बर्नआउट : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

बर्नआउटवरच्या, म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने माणूस आतून विझत जाण्यावरच्या, माझ्या लेखात मी त्याला ‘आजार’ म्हटले ही चूक आहे, हा आपला पहिला आक्षेप. आणि आपले वडील शेतात बारा-बारा तास राबूनही कधी कुरकुरले नाहीत, तेव्हा हे सारे वातानुकूलित कचेऱ्यांतल्या नाजूकपणाचे चोचले आहेत, हा दुसरा.

पहिला आक्षेप मान्य. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या ११व्या आवृत्तीत बर्नआउटची नोंद आजार म्हणून नव्हे, तर नोकरी-व्यवसायाशी निगडित स्थिती म्हणून आहे. लेखातला शब्द मी बदलला आहे. मात्र त्याच नोंदीत तिचे मूळ कामाच्या ठिकाणच्या, दीर्घकाळ निस्तरता न आलेल्या ताणात सांगितले आहे आणि लक्षणे तीन दिली आहेत : शक्ती संपणे, कामावरून मन उडून तुसडेपणा येणे आणि आपल्या हातून काही धड होत नाही असे वाटणे. थकवा हे त्यांतले केवळ एक.

आपल्या वडिलांचे कष्ट कमी लेखण्याचा प्रश्नच नाही. (कर्जाचा घोर ही शेतकऱ्याची निराळी आणि अधिक भीषण कथा आहे.) परंतु नांगर आज धरायचा की वाफशाची वाट पाहायची, हे ते स्वतः ठरवत असणार. मी ज्या बँकेच्या शाखेत होतो, तेथे विम्याच्या किती पॉलिसी खपवायच्या हे वरून ठरून येई, आणि रात्री साडेनऊला व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर जो तक्ता पडे, त्यात मागे राहिलेल्यांची नावे लाल रंगात असत. पेन्शनच्या दिवशी म्हाताऱ्यांना नावाने हाक मारणारे आमचे कॅशियर हळूहळू मान वर न करता काचेखालून पासबुक सरकवू लागले. त्यांच्या कामाचे तास वाढले नव्हते. ‘खडूस झालेत,’ असे आम्ही म्हणायचो. पंधरा दिवसांची रजा घेऊन ते कोकणात जाऊन आले, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कारण तक्ता तोच होता.

क्रिस्टिना मास्लाक आणि मायकेल लायटर या मानसशास्त्रज्ञांनी बर्नआउटची कारणे शोधताना कामाच्या बोज्याबरोबरच कामावरचा ताबा, मोबदला, सहकाऱ्यांशी संबंध, न्याय आणि मूल्ये यांचाही विचार केला, तो यासाठीच. आपण सुचवलेला प्राणायाम मी स्वतः रोज करतो. पण त्याने लाल रंग जात नाही.

पुढे आलेल्या व्यवस्थापक बाईंनी तक्त्यातली नावे काढली, संदेशाची वेळ सकाळी दहाची केली आणि खिडकीवरची पाळी आलटून-पालटून लावली. टार्गेट कमी करणे त्यांच्या हातात नव्हते. त्यामुळे कॅशियर महिन्याभरात पूर्वीसारखे झाले असे मी म्हणणार नाही. त्यांनी पुन्हा कोणाला नावाने हाक मारायला दिवाळी उजाडली.