बिऱ्हाड पाठीवर, गोळा पोटात

लग्नाला सहा-सात वर्षे झाली, गृहकर्जाचे हप्ते अंगवळणी पडले आणि जेवताना बोलण्यासारखे विषय सोसायटीचे पाणी व पार्किंग एवढ्यावर येऊन ठेपले, की सुज्ञ दांपत्याने न्यूझीलंडला जावे. आणि जायचेच तर सगळ्यांना एकाच रंगाच्या टोप्या वाटणाऱ्या सहलीबरोबर नव्हे, तर पाठीला सॅक लावून जावे. सहलीला जाणारा स्थळे पाहतो आणि बॅकपॅकिंगला जाणारा स्वतःला शोधतो, असे म्हणतात. नवरा-बायको एकाच वेळी स्वतःला शोधायला निघाल्यावर चुकलेली बस कोणी शोधायची, हा प्रश्न निघण्यापूर्वी एकमेकांना विचारू नये. आम्ही उभयतांनी गेल्या दिवाळीनंतर हा उद्योग केलेला असल्यामुळे पुढील सूचना पूर्णपणे अनुभवाच्या आहेत.

सॅक साठ लिटरचीच घ्यावी. ज्या माणसाने गेल्या दहा वर्षांत दहा किलो तांदळापेक्षा जड काही लिफ्टपर्यंतसुद्धा उचललेले नाही, त्याच्यासाठी हे माप विशेष उपयुक्त आहे, कारण विंचवाप्रमाणे बिऱ्हाड पाठीवर घेतल्याचा आनंद त्यातच मिळतो. नांगी मात्र दोघांपैकी कोणाकडे आहे, हे तिसऱ्या दिवशीपर्यंत कळत नाही. सामानाची वाटणी करताना पासपोर्ट एकाच्या सॅकमध्ये आणि चष्मा दुसऱ्याच्या सॅकमध्ये तळाशी ठेवावा, म्हणजे दर दोन तासांनी दोन्ही सॅक रस्त्यात रिकाम्या करण्याचे निमित्त मिळते.

उरलेला फराळ बरोबर न्यावाच. न्यूझीलंडमध्ये उतरताना भरायच्या घोषणापत्रात खाद्यपदार्थांबद्दल स्पष्ट प्रश्न असतो. जे जाहीर केले त्याला दंड नाही, फार तर ते काढून घेतात, आणि जे लपवले त्याला जागच्या जागी ४०० न्यूझीलंड डॉलर मोजावे लागतात. आम्ही सर्व जाहीर केले. त्यानंतर एका अत्यंत सभ्य अधिकाऱ्याने आमची चकली उजेडात धरून पाहिली, चिवड्यातला कढीपत्ता चिमट्याने वेगळा केला आणि मेतकुटाच्या पुडीपाशी येऊन तो थांबला. मेतकुटाला इंग्रजीत काय म्हणतात, याची तयारी आपल्या कोणत्याही शाळेत करून घेत नाहीत. सौभाग्यवतींनी घाईघाईने ‘पावडर’ असा शब्द वापरला आणि तपासणी आणखी पंधरा मिनिटे लांबली. त्या देशाला परक्या मातीचेही भय असल्यामुळे माझ्या ट्रेकच्या बुटांच्या खाचांतली राजमाचीची माती त्यांनी आत नेऊन धुतली आणि चकचकीत बूट परत आणून दिले. घरी हे काम कोणी करत नाही, हे मी तेथेच बोलून दाखवले. आपण बोलू नये.

राहण्यासाठी हॉस्टेलमधली सहा जणांची खोली घ्यावी. बंकची शिडी, सामाईक स्वयंपाकघर आणि फ्रिजमध्ये आपल्या नावाची चिठ्ठी लावलेला अर्धा कांदा यांमुळे वसतिगृहातले दिवस परत येतात. फक्त गुडघे परत येत नाहीत. आपली भाषा कोणाला कळत नाही, या विश्वासाने रात्री साडेअकराला दोघांनी मोकळ्या मनाने भांडायला हरकत नाही. आमच्या भांडणात वरच्या बंकवरून “दादा, वहिनींचं बरोबर आहे” असा शांत आवाज आला. तो मुलगा नाशिकचा निघाला, आणि पुढचे दोन दिवस प्रत्येक प्रश्नावर त्याचे मत मागवले जाऊ लागले.

स्थलदर्शन उरकायचे असते. टेकापो सरोवराचे पाणी दुधाळ निळे दिसते, कारण हिमनद्यांनी जात्यासारखे दळलेले खडकाचे पीठ त्यात तरंगत असते. काठावर १९३५ सालचे छोटे दगडी चर्च आहे आणि नोव्हेंबरात भोवती जांभळ्या-गुलाबी ल्युपिनचे ताटवे फुललेले असतात. ल्युपिन तेथे तण मानतात, म्हणजे आपल्या गाजरगवताचाच तो देखणा मावसभाऊ. तरीही त्यात गुडघाभर उभे राहून फोटो काढावा. वानाका येथे सरोवरात एकटेच उभे असलेले वाळुंजाचे एक झाड आहे. कुंपणाच्या खुंटाला पालवी फुटून ते वाढले असे सांगतात, आणि २०२० साली कोणीतरी त्याच्या फांद्या करवतीने कापल्या होत्या. त्या झाडाचा एकटेपणा टिपण्यासाठी काठावर इतकी माणसे उभी असतात, की तो टिपायला रांगेतच थांबावे लागते.

मिलफर्ड साउंड मात्र चुकवू नये. क्वीन्सटाउनहून जाऊन-येऊन सुमारे पावणेसहाशे किलोमीटर, म्हणजे सकाळी अंधारात निघून रात्री परतायचे. वाटेत डोंगर पोखरून केलेला होमर बोगदा लागतो, त्याच्या तोंडाशी किआ नावाचे पोपट गाड्यांचे रबर सोलून काढतात, आणि पलीकडे वर्षाला सुमारे ६,८०० मिलिमीटर पाऊस पडतो. हिमनदीने कोरलेली ही खाडी खरे तर फियोर्ड आहे. ‘साउंड’ म्हणजे नदीच्या दरीत समुद्र शिरून झालेली खाडी; नाव ठेवताना चूक झाली, ती तशीच राहिली. आम्ही गेलो त्या दिवशी ढग पाण्यापर्यंत उतरले होते आणि काळ्या कड्यांवरून शेकडो धबधबे कोसळत होते. बारा हजार किलोमीटर उडून आपण आंबोलीलाच आलो आहोत, आणि येथे भाजलेले कणीससुद्धा मिळत नाही, हा विचार दोघांच्याही मनात एकाच क्षणी आला. त्या सहलीतले आमचे ते पहिले एकमत. या सौंदर्यात माणसे रेंगाळू नयेत म्हणून देवीने तेथे चावऱ्या माश्या सोडल्या, अशी तेथल्या मूळच्या माओरी लोकांची कथा आहे. देवीचे काम आजही चोख चालू आहे.

आता मुख्य विषयाकडे येऊ. स्कायडायव्ह करण्याचा निर्णय एकाने घ्यावा आणि दुसऱ्याने “तू करणार असशील तर मी पण” असे म्हणावे, म्हणजे पुढे जे होईल त्याची जबाबदारी आयुष्यभर एकमेकांवर टाकता येते. उंचीनुसार दर असतात: ९,००० फुटांवरून उडी मारली तर जेमतेम अर्धा मिनिट, १२,००० वरून सुमारे पाऊण मिनिट आणि १५,००० वरून साधारण एक मिनिट माणूस दगडासारखा पडतो, नंतर पॅराशूट उघडते. मी तेथल्या तेथे फोनवर भागाकार करून प्रत्येक सेकंदाचा भाव काढला आणि सर्वांत वरून पडणेच परवडते, हे सिद्ध केले. १५,००० फूट म्हणजे जवळजवळ तीन कळसूबाई एकावर एक, हा गुणाकार मी नंतर केला.

त्यानंतर सही करायचा फॉर्म येतो. तो वाचू नये. त्या देशात १९७४ पासून अपघातविम्याची सरकारी योजना आहे. पाहुण्यालाही दुखापत झाल्यास उपचाराचा खर्च तीतून मिळतो, पण भरपाईसाठी कोणावर दावा लावता येत नाही. पुण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला यातला दुसरा भाग पहिल्यापेक्षा जास्त अस्वस्थ करतो. घरी फोन करायचा असल्यास “आज विमानातून फेरी आहे” एवढेच सासूबाईंना सांगावे. जाताना आपण विमानानेच जाणार असतो. येतानाचे त्या विचारत नाहीत.

ढगांमुळे आमची उडी दोनदा पुढे ढकलली गेली आणि दोन्ही वेळा आम्ही अत्यंत निराश झाल्याचा अभिनय केला. तिसऱ्या दिवशी ऊन पडले. वजनकाट्यावर उभे केले (या विषयावर अधिक लिहिणार नाही), मग दहा मिनिटांत सर्व विद्या शिकवली: दाराबाहेर पाय लोंबकळू द्यावेत, डोके मागे टाकावे, अंगाचे केळे करावे आणि उतरताना पाय उचलून बुडावर बसावे. याहून अधिक सूचना आमच्याकडे प्रेशर कुकरबरोबर येतात. पंचविशीतला एक मुलगा माझ्या पाठीला चार कड्यांनी जोडला गेला आणि तितकाच तरुण, माझ्यापेक्षा उंच असा दुसरा मुलगा सौभाग्यवतींच्या पाठीला. ही व्यवस्था मला कोणी आधी समजावून सांगितली नव्हती.

विमानात सगळे एकामागे एक, मांडीला मांडी लावून बसतात. खाली वाकाटिपू सरोवर पसरलेले असते. त्याचे पाणी दर पंचवीस-सत्तावीस मिनिटांनी काही सेंटीमीटर वर-खाली होते आणि तळाशी राक्षसाचे हृदय धडधडते आहे, अशी तेथली कथा आहे. राक्षस बराच शांत प्रकृतीचा असावा. दार उघडले, थंड हवेचा लोट आत आला, आणि आधी दाराशी बसली ती आमची ही. सप्तपदीत सात पावले बरोबर चालण्याचे वचन असते. आठवे पाऊल तिने परपुरुषाच्या छातीला बांधलेल्या अवस्थेत विमानाबाहेर टाकले आणि मागे वळूनही पाहिले नाही. पॅरिसच्या गार्नरँ यांनी १७९७ साली फुग्यातून पॅराशूटने पहिली उडी घेतली, आणि पुढे त्यांची पत्नी झालेल्या जान लाब्रोस यांनी १७९९ साली. पण ती माणसे निदान आपापल्या छत्रीला एकटी लोंबकळली.

माझ्या उडीचे वर्णन करण्यासारखे फार नाही, कारण पहिली काही सेकंदे मी डोळे मिटून घेतले होते आणि सेकंदाच्या भावाने ते बरेच महागात पडले. दोघांचे मिळून वजन जास्त, म्हणून बाहेर पडताच एक लहान पॅराशूट मागे सोडतात. त्यामुळे वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास राहतो. गाल कानांकडे जातात. मग मोठे पॅराशूट उघडते आणि एकाएकी इतकी शांतता होते, की पाठीवरचा मुलगा ‘हनिमून का?’ असे विचारतो तेही स्वच्छ ऐकू येते.

व्हिडिओचे पैसे वेगळे असतात; ते भरावेत, परंतु व्हिडिओ एकट्याने पाहावा. आम्ही तो हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात, मॅगी शिजत असताना, नाशिकच्या मुलासह पाहिला. वाऱ्याचा आवाज काढून त्यावर संगीत चढवलेले असते, त्यामुळे तोंड हलताना दिसते, शब्द कळत नाहीत. काय ओरडत होतास, असे तिने विचारल्यावर मी क्षणाचाही विलंब न लावता “तुझंच नाव” असे सांगितले. पत्नीचे नाव ‘प’ने सुरू होत असेल आणि ती शाळेत मराठीचे व्याकरण शिकवत असेल, तर हे उत्तर देऊ नये. तिने व्हिडिओ थांबवला, मागे नेला, पुन्हा लावला. ‘प’ हा ओष्ठ्य वर्ण असून तो ओठ मिटल्याशिवाय उच्चारता येत नाही, आणि या संपूर्ण मिनिटात तुझे ओठ एकदाही मिटलेले नाहीत, असे तिने मॅगी ढवळत सांगितले. त्यावर तो नाशिकचा मुलगा पडद्याजवळ वाकून म्हणाला, “वहिनी, मला तर ‘आई गं’ वाटतंय.”