मालकांचं उत्तर: "११० रुपये किलो तांदूळ, भक्तीच्या नावाखाली लूट" या १ स्टारच्या रिव्ह्यूला

नमस्कार ताई,

तुम्ही आलात, राहिलात, आणि मन दुखावून गेलात त्याबद्दल आधी मनापासून सॉरी. सकाळचा चहा साडेआठला मिळाला ही आमची चूक, मान्य. रूमच्या बाथरूमचा नळ गळत होता तोही मान्य, बदललाय आता. उत्तर द्यायला चार दिवस लागले कारण पहिले दोन दिवस मी नुसता तुमचा रिव्ह्यू परत परत वाचत होते, आणि मिस्टर म्हणाले रागात काही लिहू नकोस.

ज्यांनी रिव्ह्यू वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, ताईंचं म्हणणं असं की जागा फोटोतल्यासारखी नाही, चहा उशिरा, रात्री जेवायला उपासाचं, सकाळी पैसे देऊन शेण कालवायला लावलं, आणि वर ११० रुपये किलोने तांदूळ गळ्यात मारला जो बाहेर ६० ला मिळतो आणि घरी नेऊन शिजवला तर गिचका झाला. शेवटी लिहिलंय "ऑर्गॅनिक, अध्यात्म वगैरे सगळं नाटक, लूट आहे."

फोटोचं आधी. तुम्ही जे फोटो म्हणताय ते बहुतेक गालतऱ्याच्या गोवर्धन इकोव्हिलेजचे असणार, ते इस्कॉनचं, आमच्याच वाडा तालुक्यात आहे, खूप मोठं आहे आणि छान आहे, पण ते वेगळं आणि आम्ही वेगळे. आमची ११ घरांची वस्ती, चार रूम, एक सामाईक स्वयंपाकघर, संध्याकाळी हरिपाठ. आमच्या पेजवर फोटो आमचेच आहेत, त्यात गोठ्याचा पत्रासुद्धा दिसतो.

चहाचं कारण सांगते, सबब नाही. आमचा गॅस गोबरगॅस आहे, दोन घनमीटरचा, त्याला रोज साधारण ५० किलो शेण लागतं, ते आमच्या पाच डांगी गाई देतात. थंडी पडली की आत शेण कुजायचं मंदावतं आणि सकाळी शेगडी नुसती फुरफुरते. त्या दिवशी चूल पेटवली, लाकडं ओली निघाली. सिलिंडर एक बॅकअपला ठेवायचा का यावर वस्तीत चर्चा चालू आहे, काहीतरी करूच.

एकादशीचं मी बुकिंगच्या मेसेजमध्ये लिहिलं होतं की शनिवारी एकादशी आहे, रात्री वरीचे तांदूळ, शेंगदाण्याची आमटी, रताळं असेल, चालेल का. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर आलं नाही, मी चालेल असं धरलं. फोन करायला हवा होता, पुढच्या वेळी करेन. तुम्ही १२ ऐवजी साडेतीनला पोचलात त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही, भिवंडी-वाडा रस्ता आम्हालाही माहितीये.

आणि शेण कालवायचं म्हणाल तर ते जीवामृत होतं ताई, पिकाला घालायचं घरगुती खत. २०० लिटरच्या ड्रममध्ये १० किलो शेण, गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती, दोन दिवस सावलीत ठेवायचं आणि सकाळ संध्याकाळ काठीने ढवळायचं. श्रमदान ज्यांना करायचं त्यांनीच करायचं, बोर्डावर तसं लिहिलंय. तुमच्या मिस्टरांनी स्वतः काठी मागून घेतली, तुम्ही रील काढली. ती रील अजून तुमच्या इन्स्टावर आहे, माझ्या मुलीने दाखवली, छान आलीये. असो.

आता तांदूळ. मला खरं तर एवढंच बोलायचं होतं.

पहिली गोष्ट, तुम्ही ११० लिहिलंय पण तुम्ही ११० दिलेच नाहीत. पाच किलोचे ५५० होत होते, तुम्ही म्हणालात ५०० करा, मी केले. वहीत लिहिलंय. आणि गळ्यात मारला म्हणता, तर दुकानाच्या खोलीत तुम्ही आलात, हातात घेऊन वास घेतलात आणि "आई असाच आणायची" असं म्हणालात. ते मला आवडलं म्हणून तर मी ५० रुपये सोडले.

दुसरी, ६० चा. वाडा कोलम तांदळाला २०२१ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे वाड्याच्या बाहेर पिकलेल्याला ते नाव लावायचं नाही. पण बाजारात पाटी "वाडा कोलम" असते आणि माल कुठून कुठून आलेला असतो हे वाशीच्या कुठल्याही हमालाला विचारा. तुमचा ६० वाला नकलीच आहे असं मी म्हणत नाही, मी तो पाहिलेला नाही. पण आमचा झिणी आहे, म्हणजे वाडा कोलमच, आमच्या रानातला, आणि त्याचा हिशोब मी तुम्हाला सांगते, सगळ्यांसमोर सांगते, म्हणजे कुणाला शंका नको.

एक एकर धरा. नांगरणी आणि चिखलणी पॉवर टिलरने ४,००० रुपये. लावणीला १५ बाया, ४०० रुपये रोज, ६,०००. मग बेणणी. तणनाशक मारलं तर बेणणीचा प्रश्न एका फवाऱ्यात मिटतो, आम्ही मारत नाही, त्यामुळे दोनदा बेणावं लागतं, २० रोज, ८,०००. वाकून, गुडघाभर चिखलात, पाठीवर इरलं किंवा प्लास्टिक, आणि हात पाण्यात राहून राहून बोटांच्या बेचक्या सडतात, त्याला आम्ही रात्री हळद तेल लावतो. कापणी, बांधणी, झोडणी १८ रोज, ७,२००. चार वेळच्या जीवामृताचा गूळ बेसन १,२००. मिलमध्ये भरडायचे किलोला ३ प्रमाणे २,७००. झाले २९,१००. यात माझी आणि मिस्टरांची मजुरी नाही, गाईंचा खर्च नाही.

एकरी आम्हाला भात येतं ९ क्विंटल. हायब्रीड लावून युरिया टाकला तर याच्या दुप्पट येईल, शेजारच्याला येतंच. झिणी उंच वाढतं, परतीच्या पावसात आडवं पडतं, यंदाही एक कोपरा दिवाळीच्या तोंडावर झोपला आणि आम्ही चिखलातून लोंब्या उचलल्या. ९०० किलो भात भरडलं की कोंडा, तूस, कणी जाऊन अख्खा तांदूळ हातात येतो ५०० किलो. त्यातला ५० किलो वस्तीच्या स्वयंपाकघराला आणि गोशाळेला जातो, हा आमचा नियमच आहे, दहावा हिस्सा. राहिला ४५० किलो. सगळाच्या सगळा ११० ने विकला, कुणी ५० रुपये कमी केले नाहीत, एक पोतंही उंदरांनी फाडलं नाही, तर ४९,५०० रुपये. वजा २९,१००. राहिले २०,४०० रुपये. आम्ही दोन एकर भात करतो म्हणजे ४०,८००, दोन माणसांचे, वर्षाचे. तुमच्या रिव्ह्यूत लूट हा शब्द तीनदा आलाय, मी मोजला.

सर्टिफिकेटचं विचारलंत. आमचं पीजीएसचं आहे, म्हणजे शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेतं तपासतो, आधी "ग्रीन" मग "ऑर्गॅनिक". दुकानात भिंतीवर फ्रेममध्ये लावलंय, तराजूच्या मागे. कदाचित तराजूमुळे दिसलं नसेल. जागा बदलते.

आणि गिचका. इथे मात्र चूक माझीच, शंभर टक्के. तुम्ही आमच्याकडे तो भात खाल्लाच नाहीत कारण एकादशी होती, नाहीतर तिथेच सांगणं झालं असतं. हा कापणीनंतरचा नवा तांदूळ आहे, नव्या तांदळाला पाणी कमी लागतं. कुकरला नेहमीसारखं वाटीला अडीच वाटी घातलं तर पेजच होणार. पावणेदोन वाटी घाला, जमल्यास पातेल्यात शिजवा आणि उतरवल्यावर दहा मिनिटं झाकून ठेवा. किंवा सरळ दोन चार महिने बाजूला ठेवा, जुना झाला की मोकळा होतो. हे तुमच्या आईंना माहिती असणार, पण तुम्हाला मी सांगायला हवं होतं. आता प्रत्येक पिशवीत चिठ्ठी टाकतेय, मुलीच्या अक्षरात.

तुम्ही म्हणाल एवढं एका रिव्ह्यूवर कशाला. ताई आमच्याकडे सगळे मिळून ३८ रिव्ह्यू आहेत, तुमच्या एका स्टारने रेटिंग ४.७ वरून ४.६ वर आलं, ते एवढं काही नाही, पण तुमचा रिव्ह्यू सगळ्यात वर दिसतो आणि त्याच आठवड्यात एका ग्रुपने २६ जानेवारीचं बुकिंग कॅन्सल केलं. कारण सांगितलं नाही त्यांनी. तुमच्यामुळेच असं मी म्हणत नाही. पण चारही रूम होत्या.

आम्ही कुणी साधू नाही. मिस्टर ठाण्याला कंपनीत होते, मी शिवणक्लास चालवायचे. हरिपाठ म्हणतो, माळ घातलीये, चुका होतात, चहा उशिरा होतो. पण भक्तीच्या नावावर तांदूळ विकला नाही कधी, तांदळाच्या नावावरच विकला.

राहिलेला तांदूळ नको असेल तर कुरियरने परत पाठवा, कितीही उरला असू दे, पूर्ण ५०० रुपये जीपे करते, कुरियरचेही देते. स्टार एकच राहू दे, तुमचा अनुभव आहे, मी कोण बदला म्हणणारी. तो लूट शब्द तेवढा काढता आला तर बघा.

आणि तुमच्या मुलाची निळी बाटली गोठ्यात सापडली, धुऊन ठेवलीये. त्याने ज्या वासराला "बुलेट" नाव दिलं होतं त्याला आता सगळी वस्ती बुलेटच म्हणते, त्याला सांगा. पुढच्या बुधवारी मिस्टर ठाण्याला तांदूळ द्यायला येणार आहेत, पत्ता मेसेज केलात तर बाटली आणून देतील.